देवावर रागावलेली माणसे

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

चार्ल्स डार्विनची दहा वर्षांची लाडकी मुलगी ॲनी वारली आणि त्या दिवशी त्याचा देवावरचा विश्वास उडाला, ही गोष्ट मी कित्येक वर्षे वर्गात सांगत आलो. गोष्ट छोटी आहे, मनाला भिडणारी आहे, आणि तासाच्या शेवटी सांगायला सोयीची आहे. एकदा एका व्याख्यानातही मी ती सांगितली. कार्यक्रम संपल्यावर एक ख्रिस्ती गृहस्थ मला भेटायला थांबले. त्यांचा तरुण मुलगा वर्षभरापूर्वी गेला होता. ते म्हणाले, "सर, मी अजूनही दर रविवारी उपासनेला जातो. पण प्रार्थनेला डोळे मिटले की राग येतो. आमची माणसं म्हणतात, असं मनात आणू नये, हा अविश्वास आहे. तुम्ही इतिहास शिकवता, म्हणून विचारतो. डार्विनचं झालं तसंच माझं होणार का?"

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन जुनी पुस्तके पुन्हा काढली, तेव्हा लक्षात आले की मी सांगत होतो ती गोष्टच पुरती खरी नव्हती. त्या गृहस्थांना जे सांगायला हवे होते, ते आज आपल्याला सांगतो.

डार्विन १८०९ साली जन्मला. केंब्रिजला तो शिकायला गेला तो धर्मोपदेशक व्हायच्या तयारीने. पुढे 'बीगल' जहाजावर पाच वर्षे जगप्रवास करतानाही तो पक्का श्रद्धावान होता. नीतीच्या एखाद्या मुद्द्यावर त्याने बायबलचा दाखला दिला की जहाजावरचे अधिकारी त्याला हसत, अशी आठवण त्यानेच लिहून ठेवली आहे. १८३६ साली तो इंग्लंडला परतला आणि पुढच्या दोन-अडीच वर्षांत त्याने धर्माचा खूप विचार केला. चमत्कारांना पुरावा काय, शुभवर्तमानांतले तपशील एकमेकांशी का जुळत नाहीत, असे प्रश्न त्याला पडू लागले. लग्न ठरण्याआधीच वडिलांनी बजावले होते, या शंका बायकोला सांगू नकोस. वडील स्वतः नास्तिक म्हणावे असेच होते, पण व्यवहारी होते. डार्विनने हा सल्ला मानला नाही. त्याने होणाऱ्या बायकोला सगळे सांगून टाकले.

ही एमा वेजवुड, त्याची मामेबहीण. तिची श्रद्धा मनापासूनची होती आणि तिला एका दुःखाची धार होती. १८३२ साली तिची बहीण फॅनी अचानक वारली होती. दोघी सावलीसारख्या एकमेकींबरोबर असत. मृत्यूनंतर फॅनी पुन्हा भेटेल, या आशेवर एमा उभी होती. १८३९च्या जानेवारीत लग्न झाले आणि थोड्याच दिवसांत तिने नवऱ्याला एक पत्र लिहिले. एकाच घरात राहणाऱ्या माणसांनाही काही गोष्टी लिहूनच सांगाव्या लागतात. तिचे म्हणणे असे, की प्रामाणिक शंका हे पाप नाही हे तिला कळते. पण सिद्ध झाल्याखेरीज काहीच मानायचे नाही ही शास्त्रज्ञाची सवय, जिथे सिद्ध करताच येत नाही अशा गोष्टींनाही लावली जात नाही ना? आणि आपण दोघे कायमचे एकमेकांचे राहणार नाही, या विचाराने तिला भीती वाटत होती. डार्विनने हे पत्र जन्मभर जपले. त्या पत्राचे आपण कितीदा चुंबन घेतले आणि त्यावर किती रडलो, हे त्याने पुढे त्याच कागदावर लिहून ठेवले.

आता ॲनीकडे येतो. ती १८४१च्या मार्चमध्ये जन्मली. या जोडप्याला दहा मुले झाली. त्यांतली मेरी १८४२ साली तीन आठवड्यांची होऊन गेली होती. ॲनी हसरी, लाघवी, बापाच्या केसांशी तासन् तास खेळणारी मुलगी. १८५०च्या उन्हाळ्यात ती आजारी पडली. तो क्षयाचाच एक प्रकार असावा असे आज अनेकांना वाटते. तेव्हा कोणालाच काही कळत नव्हते. माल्व्हर्न या गावी डॉक्टर गली जलोपचार करत. थंड पाण्यात भिजवलेल्या चादरी गुंडाळणे, अंग चोळणे, असे ते उपाय. डार्विनला स्वतःच्या दुखण्यात १८४९ साली तिथे बरे वाटले होते. म्हणून १८५१च्या मार्चअखेरीस त्याने ॲनीला तिथे नेले आणि काही दिवसांनी तो घरी परतला. एप्रिलच्या मध्यात निरोप आला की मुलगी अत्यवस्थ आहे. एमाचे दिवस भरत आले होते, तिला हलणे शक्य नव्हते. डार्विन एकटाच धावला.

तो पोचला गुरुवारी, १७ एप्रिलला. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे होता. आपल्याकडचे मराठी ख्रिस्ती त्याला उत्तम शुक्रवार म्हणतात. २० तारखेला ईस्टर, म्हणजे पुनरुत्थानाचा सण. ज्या दिवसांत ख्रिस्ती जगात मरणावर जीवनाचा विजय गायला जातो, नेमक्या त्याच दिवसांत हा बाप मुलीच्या ओठांना पाणी लावत बसला होता आणि बायकोला पत्रांमागून पत्रे लिहीत होता. आज दोन घोट प्याली, आज जरा बरी वाटते, आज पुन्हा खालावली. बुधवारी, २३ एप्रिलला दुपारी ॲनी गेली. दुसऱ्याच दिवशी डार्विन एमाकडे परतला. मुलीचे दफन झाले तेव्हा तो तिथे नव्हता. आठवड्याभराने त्याने तिच्या आठवणी काही पानांवर लिहून काढल्या. एमाने तिची लेखनपेटी जपून ठेवली. तिच्यात लिहिण्याचे सामान, भरतकामाचे दोरे आणि केसांची एक बट होती. ही पेटी डार्विनचे खापरपणतू रँडल केन्स यांच्या हाती आली आणि २००१ साली त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले, तेव्हा ॲनी जगाला नव्याने माहीत झाली.

मग त्या मरणाने डार्विनची श्रद्धा गेली का? काही चरित्रकारांनी तसे मांडले आहे. १८५१चा ईस्टर हाच त्याच्या ख्रिस्ती धर्माचा शेवट, असे इतिहासकार जेम्स मूर यांचे म्हणणे. पण दुसऱ्या बाजूचे पुरावे वजनदार आहेत. मरणाच्या आदल्या वर्षी, १८८१ साली, दोन नास्तिक विचारवंत डार्विनला भेटले. त्यांना त्याने सांगितले, की वयाच्या चाळिसाव्या वर्षापर्यंत आपण ख्रिस्ती धर्म सोडला नव्हता. चाळिसावे वर्ष म्हणजे १८४९. ॲनी तेव्हा हयात होती. १८७६ साली त्याने घरच्यांसाठी आत्मचरित्र लिहिले. त्यात तो म्हणतो, की अविश्वास अगदी सावकाश, पावलापावलाने आला. इतका सावकाश की त्याचा त्रासही झाला नाही. त्याच आत्मचरित्रात, पण वेगळ्या जागी, ॲनीचा उल्लेख आहे. आयुष्यातले एकच फार मोठे दुःख म्हणून तो तिचे मरण सांगतो. पंचवीस वर्षांनंतरही त्या आठवणीने त्याचे डोळे भरून येत. या दोन गोष्टी तो कुठेही जोडत नाही. जॉन व्हॅन वाय आणि मार्क पॅलन या अभ्यासकांनी २०१२ साली हा सगळा पुरावा तपासला आणि हा संबंध पुढच्यांनी जोडलेला आहे, असा निष्कर्ष काढला. मलाही आता तेच पटते. ओहोटीचे पाणी उतरावे तशी डार्विनची श्रद्धा ओसरली. वीज पडावी तसे काही घडले नाही.

मग त्याला राग आलाच नाही का? आला, पण वेगळ्या गोष्टीचा. त्या काळच्या इंग्लंडमध्ये, विश्वास न ठेवणाऱ्याला अनंतकाळ नरकवास, ही शिकवण फार कडक होती. १८५३ साली एफ. डी. मॉरिस या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने अनंत शिक्षेबद्दल वेगळा विचार मांडला, तेव्हा लंडनच्या किंग्ज कॉलेजातली त्याची नोकरी गेली. डार्विनचे वडील १८४८ साली वारले होते. ही शिकवण खरी मानली तर वडील, भाऊ आणि जवळजवळ सगळे जिवलग मित्र कायमच्या आगीत जाणार होते. आत्मचरित्रातले सर्वांत जळजळीत शब्द डार्विनने या शिकवणीसाठी वापरले आहेत. तो गेल्यावर १८८७ साली आत्मचरित्र छापले गेले, तेव्हा एमाच्या इच्छेवरून तो भाग गाळला गेला. संपूर्ण मजकूर त्याची नात नोरा बार्लो हिने १९५८ साली प्रसिद्ध केला, तेव्हा लोकांनी वाचला.

दुसरी बोच सृष्टीतल्या क्रौर्याची. एक जातीची गांधीलमाशी जिवंत अळीच्या अंगात अंडी घालते आणि पिल्ले त्या अळीला आतून खात वाढतात. १८६० साली अमेरिकेतल्या एसा ग्रे या श्रद्धाळू वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात डार्विनने याचाच दाखला दिला. दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने असा जीव मुद्दाम घडवला असेल, हे त्याला पटत नव्हते. आणि एवढे सुंदर विश्व केवळ आंधळ्या शक्तीने झाले, हेही मन मानत नव्हते. हा विषय माणसाच्या बुद्धीच्या पलीकडचा आहे, असे त्याने कबूल केले. हा बंडखोराचा सूर नाही, गोंधळलेल्या सरळ माणसाचा आहे. पुढे त्याने स्वतःसाठी 'अज्ञेयवादी' हा शब्द जास्त योग्य मानला. देव नाही असे ठामपणे म्हणणारा आपण कधीच नव्हतो, असे त्याने १८७९ साली एका पत्रात स्पष्ट केले.

आणि हा माणूस राहत होता ते डाउन गाव बघा. तिथले पाद्री जॉन इनिस त्याचे जवळचे मित्र होते. गावातल्या गरिबांसाठी कोळसा आणि कपड्यांची जी मंडळी चाले तिचे हिशेब डार्विन ठेवी. रविवारी एमा मुलांना घेऊन चर्चमध्ये जाई, आणि तेवढ्या वेळात हा बाहेर फेरफटका मारी. १८५८च्या २८ जूनला त्यांचे दीड वर्षाचे धाकटे बाळ लाल तापाने गेले. तीनच दिवसांनी, १ जुलैला, लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचे उत्क्रांतीवरचे निबंध वाचले गेले. जगाच्या इतिहासातली एवढी मोठी घटना, आणि डार्विन त्या सभेला नव्हता. घरात मुलाचे मरण होते.

एमाने तीन मुले गमावली आणि तिची श्रद्धा टिकली. पण ती अढळ, निश्चिंत होती असे समजू नका. १८६१ साली नवऱ्याच्या आजारपणात तिने त्याला आणखी एक पत्र लिहिले. दुःख आपले मन वर, देवाकडे वळवण्यासाठी असावे, असे मानले तरच मला थोडा आधार वाटतो, असा त्याचा भाव आहे. डार्विनला हे पटणारे नव्हते. तरी त्याने त्या कागदावर, देव तुझे कल्याण करो, अशा अर्थाचे दोन शब्द लिहिले. ज्या देवाविषयी त्याची खात्री उरली नव्हती, त्याचेच नाव त्याने बायकोसाठी घेतले. या घरात कोणी कोणाला अविश्वासू ठरवले नाही आणि कोणी कोणाला भाबडे म्हणून हसले नाही.

तेवढ्यावर जगाचे समाधान झाले नाही. १८८२ साली डार्विन गेला. १९१५ साली एका अमेरिकी धार्मिक नियतकालिकात लेडी होप नावाच्या बाईंची हकिगत आली, की अखेरच्या दिवसांत डार्विन बायबल वाचत होता आणि आपल्या सिद्धांताबद्दल हळहळत होता. त्याची मुलगी हेन्रिएटा हिने १९२२ साली ठणकावून सांगितले, की त्या बाई शेवटच्या आजारात घरी आल्याच नव्हत्या. म्हणजे श्रद्धावंतांनी मरणशय्येवरच्या पश्चात्तापाची एक सोयीची गोष्ट केली आणि बाकीच्यांनी मुलीच्या मरणाची दुसरी. खरा माणूस दोन्हींत हरवला.

दुःखाचा आणि श्रद्धेचा हिशेब इतका सरळ नसतो, याचे आणखी एक उदाहरण त्याच काळातले आहे. आर्चिबाल्ड टेट हे कार्लाइलच्या कॅथीड्रलचे प्रमुख होते. १८५६च्या मार्च-एप्रिलमध्ये त्यांच्या पाच मुली लाल तापाने एकामागून एक गेल्या. पाच! त्यांनी धर्म सोडला नाही. त्याच वर्षी ते लंडनचे बिशप झाले आणि पुढे कँटरबरीचे आर्चबिशप. डार्विनचे दुःख टेटपेक्षा मोठे होते म्हणून त्याने देव सोडला, असे कोण म्हणेल?

आता जवळजवळ शंभर वर्षे पुढे येऊ. सी. एस. लुईस हा ऑक्सफर्डचा साहित्याचा अध्यापक. नभोवाणीवर बोलताना त्याची आठवण यावी असाच हा माणूस आहे, कारण दुसऱ्या महायुद्धात बीबीसीवरून ख्रिस्ती धर्मावर त्याने केलेली भाषणे घराघरांत ऐकली गेली. लहानपणी तोही दुःखातून गेला होता. १९०८ साली, तो नऊ वर्षांचा असताना, आई कर्करोगाने गेली. ती बरी व्हावी म्हणून त्याने प्रार्थना केल्या होत्या. पण श्रद्धा त्या वेळी सुटली नाही; ती पुढे शाळेच्या वर्षांत सुटली, असे तो स्वतःच सांगतो. त्या नास्तिकपणाच्या दिवसांचे त्याने केलेले वर्णन मोठे प्रांजळ आहे. देव नाही असे तो ठामपणे म्हणे, आणि देव नाही म्हणून देवावरच चिडलेला असे. १९३१ साली तो पुन्हा ख्रिस्ती झाला. दुःख का असते यावर १९४० साली त्याने एक पुस्तकही लिहिले. युक्तिवाद चोख होते.

मग १९५६ साली त्याने जॉय डेव्हिडमन या अमेरिकी लेखिकेशी नोंदणी विवाह केला. काही महिन्यांतच तिला कर्करोग असल्याचे कळले. १९५७च्या मार्चमध्ये इस्पितळात, तिच्या खाटेपाशी, एका धर्मगुरूने दोघांचे ख्रिस्ती पद्धतीने लग्न लावले आणि तिच्यासाठी प्रार्थना केली. त्यानंतर दुखणे खरोखर मागे हटले. ती चालू लागली, दोघे ग्रीसला जाऊन आले. आणि १३ जुलै १९६० रोजी ती गेली. आधी आशा दाखवली आणि मग हिरावून घेतली, हे लुईसला सहन होईना. त्याने घरात पडून असलेल्या कोऱ्या वह्यांत लिहायला सुरुवात केली. गरज असताना देवाच्या दारी जावे तर दार तोंडावर बंद होते आणि आतून कड्या लागल्याचे ऐकू येते, असे तो लिहितो. देव नाही, असे वाटण्याची त्याला भीती नव्हती. देव आहे आणि तो असाच आहे, दुष्ट आहे, असे वाटू लागेल याची होती. जो माणूस रेडिओवरून लाखोंना धर्म समजावत होता, त्याच्याच वहीत हे शब्द आहेत. १९६१ साली हे पुस्तक निघाले ते टोपणनावाने. लुईस १९६३ साली वारला, त्यानंतर ते त्याच्या नावावर छापले गेले. त्या वह्यांच्या शेवटाकडे राग निवळतो. दार आपल्याच आक्रोशाने बंद वाटत होते का, असे तो विचारू लागतो. उत्तर मिळाले असे तो म्हणत नाही. पण तो बोलायचा थांबत नाही, आणि मरेपर्यंत ख्रिस्ती राहतो.

या दोघांना शेजारी ठेवले की मला एक गोष्ट दिसते. ज्याची श्रद्धा गेली, त्याची शांतपणे गेली. जो देवावर ओरडला, तो देवापाशीच राहिला. हा काही नियम नव्हे. रागाने धर्म सोडलेलीही पुष्कळ माणसे असतील. पण राग आला म्हणजे विश्वास संपला, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. नसलेल्या माणसाशी कोणी भांडत नाही.

खुद्द बायबलचेही हेच सांगणे आहे. ईयोबाची मुले गेली, मालमत्ता गेली, अंगभर फोड आले. त्याचे मित्र देवाची बाजू घेऊन त्याला समजावत राहिले, की तुझेच काही पाप असणार. ईयोब ऐकेना. तो देवाला जाब विचारत राहिला. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. माझ्याविषयी खरे बोलला तो ईयोब, असा निवाडा देतो. स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रे कितीतरी आहेत. त्यांतल्याच एका स्तोत्राची सुरुवात, देवाने आपल्याला का टाकले हा प्रश्न, वधस्तंभावर येशूच्या तोंडी आहे. विठोबाशी कडकडून भांडणाऱ्या संतांची ओळख असलेल्या मराठी माणसाला तर याचे नवल वाटायला नको.

ते गृहस्थ मला पुन्हा भेटले नाहीत. भेटले तर त्यांना मी एवढेच सांगेन: डार्विनचे झाले तसे तुमचे होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही, कारण डार्विनचे मी सांगितले तसे झालेच नव्हते. तुमच्या रागाला अविश्वास म्हणणाऱ्यांनी ईयोबाचे पुस्तक शेवटपर्यंत वाचलेले नसावे. आणि त्यांच्या आजूबाजूच्या माणसांना सांगेन, की त्यांना समजावायला जाऊ नका. माल्व्हर्नमध्ये ॲनीच्या थडग्याचा दगड आजही आहे. त्यावर तिचे नाव, तारखा आणि ती एक गुणी, प्रेमळ मूल होती एवढेच कोरलेले आहे. तिच्या श्रद्धाळू आईने आणि श्रद्धा हरवलेल्या बापाने त्याहून जास्त काही लिहिले नाही.